शिंजिराला कोळी लागतात : नाशिकच्या बाल्कन्या, बागा आणि द्राक्षमळे

गोदाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१२

फेब्रुवारी उजाडला की आपल्या या चर्चागटात दरवर्षी तेच दोन प्रश्न येतात. ‘जास्वंदीवर हमिंगबर्ड आलाय, फोटो बघा’ हा एक. ‘साखरेचं पाणी टांगलं, लाल फुलं लावली, तरी घरटं का करत नाही?’ हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वर्षी नुसता दुवा चिकटवता येईल.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. नाशिकमध्ये दिसतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. शिंजिरांचं कूळ आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागातलं. दोघंही फुलातला मध पितात म्हणून लांब चोच, लखलखणारा रंग हे सारखं झालं. नातं काही नाही. आपला शिंजीर बहुतेक वेळा देठाला लटकून, बसून पितो. हवेत थांबतो, पण दोन-चार क्षणच.

गावात दोन जाती सहज दिसतात. जांभळा शिंजीर : विणीच्या दिवसांतला नर लांबून काळाकुट्ट, ऊन पडलं की निळा-जांभळा. छातीवर तपकिरी-लाल आडवी रेघ असते, पण नेमका उजेड मिळाला तरच दिसते. मादी वरून मातकट हिरवी, खालून सबंध फिकी पिवळी. दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर. हे नावच फसवं आहे, कारण पाठ जांभळी नसून गडद किरमिजी-तपकिरी असते. जांभळा तुकडा शेपटीच्या बुडाशी. नराचं डोकं हिरवं झळझळीत, गळा जांभळा, त्याखाली तांबूस पट्टा, मग पिवळं पोट. मादीचा गळा पांढुरका आणि छाती पिवळी. माद्यांमध्ये गोंधळ झाला तर गळाच बघा : पिवळा की पांढुरका.

दोघंही १० सेंटीमीटरच्या आसपास, वजन १० ग्रॅमच्या आत.

आता मुद्द्याचं. मध हे पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं इंधन. पिल्लू मधावर वाढत नाही, त्याला प्रथिनं लागतात. ती मिळतात बारीक कोळी, अळ्या, माश्या, चिलटांतून. आणि घरटं तर कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यानेच बांधलेलं असतं. आपण दिवाळीला जळमटं काढतो, संक्रांतीला पुन्हा काढतो, महिन्याला पेस्ट कंट्रोल करून घेतो, आणि मग विचारतो घरटं का नाही. बांधायला सामान नाही, पोरांना खायला नाही, नुसतं सरबत ठेवलंय!

---

रानवाटा | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

उत्तम. एक भर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘जांभळे शिंजीर गेले कुठे’ असंही विचारतात. जात कुठेच नाहीत. वीण आटोपली की नर तो झगमगाट उतरवतो आणि मादीसारखा पिवळसर होतो; फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी-निळी पट्टी राहते, जणू गळ्यात टाय. पावसाळ्याच्या शेवटापासून थंडी मुरेपर्यंत हा वेश. मग पुन्हा डाग-डाग करत काळा होतो. जानेवारीतले नर अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखे दिसतात ते त्यामुळेच. जांभळ्या पाठीचा नर मात्र बारा महिने एकाच कपड्यात.

रंगाबद्दलही एक. तो निळा-जांभळा रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या कणांचे थर असतात, त्यांवरून प्रकाश परततो आणि कोनाप्रमाणे रंग बदलतो. म्हणून सावलीत काळा, उन्हात झळाळी. मादीच्या पोटाचा पिवळा रंग सावलीतही पिवळाच दिसतो, कारण तो रंगद्रव्याचा आहे.

---

कुंडीतली_बाग | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४०

गोदाकाठ दादा, जळमटांचं पटलं. पण फ्लॅटमध्ये सगळीकडे कोळिष्टकं ठेवली तर घरात भांडणं होतील. नेमकं कुठे ठेवायचं? आणि साखरेचं पाणी पूर्ण बंद करावं का?

---

गोदाकाठ | १० फेब्रुवारी, दुपारी १:२०

घरातली खुशाल काढा. बाल्कनीच्या ग्रिलचा वरचा कोपरा, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची जागा, कुंड्यांच्या स्टँडचा मागचा भाग एवढं फेब्रुवारी ते मे सोडून द्या. मादी धागा चोचीवर गुंडाळून नेते. सकाळी ग्रिलच्या कोपऱ्यात ती फडफडताना दिसली तर जवळपास बांधकाम चालू आहे समजा.

साखरेच्या पाण्याबद्दल माझं मत : ज्या वस्तीत फुलं आहेत तिथे गरज नाही.

---

पांडवलेणी_पायथा | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५५

‘गरज नाही’ म्हटलं तरी लोक ठेवणारच, तर निदान नीट ठेवावं. १ वाटी साधी पांढरी साखर, ४ वाट्या पाणी. उकळून साखर विरघळवा, पूर्ण गार करा. रंग घालू नये; लाल रंग भांड्याला असला तरी पुरतो. विकतचा मध घालू नये, पातळ केलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते. गुळाचंही तेच. नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात रोज बदला. थंडीत दोन दिवसांनी चालेल. पाणी गढूळ झालं किंवा तार सुटायला लागली तर ते आधीच खराब झालंय. भांडं गरम पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने घासा, साबणाचा अंश राहू देऊ नका. शिंजीर बसून पितो, म्हणून भोकाजवळ बसायला काडी हवी. हमिंगबर्डसाठी विकतात त्या काही फीडरना ती नसते आणि मग पक्षी येऊन परत जातो. मुंग्यांसाठी टांगायच्या तारेवर पाण्याची छोटी वाटी अडकवा. तेल किंवा ग्रीस लावू नका. पिसांना लागलं की चोचीने साफ करता करता पोटात जातं.

---

रानवाटा | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

वरील कृती बरोबर, तरी मी गोदाकाठांच्या बाजूने. भांड्यावर एकच दांडगा नर कब्जा करून बसतो आणि इतरांना हाकलत दिवस घालवतो. झुडपावर फुलं विखुरलेली असतात, तिथे अशी मक्तेदारी चालवणं अवघड. दुसरं म्हणजे फुलावर गेलेल्या पक्ष्याला मधासोबत चिलटंही मिळतात. भांड्यात नुसती साखर.

---

कुंडीतली_बाग | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

मग कोणती झाडं? तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडे तोंड, साधारण ११ वाजेपर्यंत ऊन.

---

पांडवलेणी_पायथा | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

४-५ तास ऊन म्हणजे पुरेसं. पहिली पसंती हॅमेलिया (नारिंगी-लाल नळीसारख्या फुलांचं झुडूप), १२ ते १४ इंची कुंडी, जवळपास वर्षभर फुलतो. फुलोरा संपला की फांद्या एक-तृतीयांश छाटा, नाहीतर नुसती उंची वाढते. गंमत अशी की तो अमेरिकेतला, आपल्या शिंजिरासाठी घडलेला नाही. त्यामुळे जांभळा शिंजीर पुष्कळदा फुलाच्या बुडाशी चीर पाडून मध चोरतो. परागकणांचं काम न करता नुसती मेजवानी!

जास्वंद लावायची तर एकेरी, गावठी लाल. डबल पाकळ्यांची दिसायला भरगच्च असते, पण त्या पाकळ्यांच्या गर्दीत चोच घालायला वाट सापडत नाही. लटकत्या कुंडीत रसेलिया, म्हणजे ते बारीक लाल नळ्यांसारख्या फुलांचं लोंबतं झुडूप. जागा असेल तर पावडरपफ. सोसायटीच्या आवारात खड्डा करता येत असेल तर अडुळसा, शेवगा, पांगारा. शेवग्याच्या फुलावर शिंजीर, चष्मेवाला पक्षी, मधमाश्या सगळ्यांची जत्रा असते.

आणि नर्सरीतून आणलेल्या झाडाला विचारून घ्या की इमिडाक्लोप्रिड वगैरे आंतरप्रवाही औषध दिलंय का. ते मुळातून शोषलं जातं आणि फुलाच्या मधातही उतरतं. शंका असेल तर पहिला बहर खुडून टाका. घरी मावा किंवा पिठ्या ढेकूण आला तर १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साधा द्रव साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला, फुलं टाळून. घरटं त्याच झाडावर असेल तर तेही नको. बोटाने पुसून काढा.

---

अंजनेरीचा_वारा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१८

कुंड्यांची चर्चा चालू आहे म्हणून रानातलं थोडं. आता पळस आणि काटेसावर फुललेत, धायटीही. पळसाच्या फुलात होडीसारखी एक वाकडी पाकळी असते. शिंजिराने चोच खुपसली की ती दबते आणि परागकण पक्ष्याच्या अंगाला लागतात. पुढच्या झाडाला तो तेच नेतो. म्हणजे पळसाचं बी धरायला हा पक्षी लागतो. पावसाळ्यात मुरुडशेंगेची लाल फुलं, पाऊस सरता सरता पडीक जमिनीवर दीपमाळेचे नारिंगी झुबके. दीपमाळ तण म्हणून उपटतात, पण ज्या दिवसांत पळस-पांगारा नसतो त्या दिवसांत तीच हॉटेल चालवते.

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या दाट रानात लाल पाठ-छातीचा शिंजीर दिसला तर तो व्हिगर्सचा सूर्यपक्षी. फक्त पश्चिम घाटातला. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने १८३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. छातीवरच्या लालात बारीक पिवळ्या रेघा असतात, ती खूण. शहरातल्या गंगापूर रोडच्या बाल्कनीत त्याची वाट बघू नका.

---

निफाडकर_मळा | १३ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

सगळे कौतुक करताय, आमच्या मळ्यात तो द्राक्षाचे मणी खातो त्याचं काय? पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या घडावर रोज दिसतो. शेजारी म्हणतात फटाके लावा.

---

रानवाटा | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:११

शिंजीर द्राक्ष खातो हे खरं. पण त्याची चोच बघा : बारीक, वाकडी, सुईसारखी. अख्खा मणी गिळणं त्याला जमत नाही. तडकलेल्या किंवा आधीच टोचलेल्या मण्यातला रस तो पितो, कधी पातळ सालीलाही भोक पाडतो. घडाचे मणीच्या मणी गायब असतील तर बुलबुल, साळुंकी, पोपट तपासा. निदान असं करा : मण्याला बारीक एकच छिद्र आणि आतला गर तसाच असेल तर शिंजीर, चष्मेवाला किंवा एखादा किडा, अर्धा मणी ओरबाडलेला तर बुलबुल, मणी गेला आणि देठ उरला तर मोठा पक्षी. बेमोसमी पावसाने मणी तडकले की शिंजीर जास्त दिसतो, कारण रस उघड्यावर आला. त्याच्यामुळे तडकले असं नाही.

तडकलेले मणी कात्रीने काढून बागेबाहेर न्या. नाहीतर सड शेजारच्या मण्यांत जाते, तो तोटा पक्ष्यापेक्षा मोठा.

---

निफाडकर_मळा | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

छिद्रं बारीकच आहेत, आणि तडकलेल्या घडांवरच जास्त. बरं, मग जाळी कोणती लावू? गेल्या साली मासे धरायची नायलॉन जाळी टाकली होती.

---

अंजनेरीचा_वारा | १३ फेब्रुवारी, रात्री ९:२५

ती आधी काढा. पारदर्शक बारीक धाग्याची सैल जाळी दिसत नाही. पक्षी आत डोकं घालतो आणि मागे येताना पंख अडकतो. धडपडला की धागा आणखी आवळतो. सापही अडकतात. जाळी विणलेली, पांढरी, ताणून बांधलेली हवी. भोकातून करंगळी आरपार जात असेल तर शिंजिरासाठी ती मोठीच. खालच्या कडा जमिनीला दाबा किंवा बांबूला गुंडाळा, लोंबकळता पदर ठेवू नका. सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी एक-एक फेरी.

अडकलेला सापडला तर ओढू नका. सुती फडक्यात सैल धरा, छाती दाबू नका (पक्षी छाती हलवून श्वास घेतो, दाबली की गुदमरतो), लहान कात्रीने एकेक धागा कापा. मग भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात अर्धा तास अंधारात ठेवा आणि त्याच जागी सोडा. पंख लोंबत असेल तर वन विभागाचा १९२६ नंबर. संक्रांतीनंतर येवल्याकडे झाडांवर राहिलेल्या मांजालाही हेच लागू.

---

आमराई | १५ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

जरा वेगळा मुद्दा. बांडगुळावर शिंजीर फार असतात, म्हणून ‘बांडगूळ काढू नका’ असं एका गटात वाचलं. आमराईत हे परवडत नाही.

---

रानवाटा | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००

दोन्ही बाजू खऱ्या. बांडगुळाची लांब नळीसारखी फुलं शिंजिरांसाठीच असल्यासारखी आहेत. पक्षी मध पितो आणि परागण होतं. फळं मात्र फुलटोच्या हा दुसरा छोटा पक्षी खातो. चिकट बी फांदीवर पुसून टाकतो आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्याचा वाटा काय, यावर सलीम अली यांनी १९३१ मध्येच बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात लिहिलं होतं. म्हणजे शिंजीर फळ धरायला मदत करतो, फुलटोच्या पेरणी करतो.

उत्पन्नाच्या आंब्यावरचं काढा. वरून मोडू नका, पुन्हा फुटतं. चिकटलेल्या गाठीच्या खाली फांदीसकट कापा, फळं पिकायच्या आधी. बांधावरच्या, रस्त्याकडेच्या झाडावरचं राहू द्या.

---

सिडको_चौथा_मजला | २ मार्च, सकाळी १०:१४

बाल्कनीतल्या कपड्यांच्या तारेवर घरटं लटकलंय. लांबट थैली, वरच्या बाजूला भोक, भोकावर छोटं छप्पर, खाली शेपटीसारखा कचरा लोंबतोय. मादी एकटीच बांधतेय. घरी पाहुणे येणार आहेत, तार दुसऱ्या बाजूला सरकवली तर चालेल का?

---

गोदाकाठ | २ मार्च, सकाळी १०:५०

नको. मादी बांधकामात किंवा अंड्यांवर असताना हलवलं तर सोडून जायची शक्यता फार. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरटं-अंडी छेडणं हाही गुन्हा आहे. कपडे दुसरीकडे वाळत घाला.

तो ‘कचरा’ मुद्दाम लावलेला असतो : सुकी पानं, सालीचे कपचे, अळ्यांच्या विष्ठेचे कण, कोळ्याच्या अंड्यांच्या रिकाम्या पिशव्या. लांबून वाऱ्याने अडकलेलं जळमट वाटावं म्हणून. झाडू मारताना लोक फसतात ते याचमुळे. आत सावरीचा, रुईचा कापूस अंथरलेला असतो. बांधणारी मादीच. नर आसपास ओरडत फिरतो, पण हात लावत नाही.

हिशोब असा धरा : साधारण २ अंडी, ती उबवायला १४ ते १६ दिवस, उबवते मादीच. पिल्लं उडायला आणखी १४ ते १७ दिवस, भरवतात दोघंही. म्हणजे पहिल्या अंड्यापासून जवळपास पाच आठवडे. तेवढे दिवस त्या बाल्कनीत रात्रीचा दिवा नको, पेस्ट कंट्रोल नको. पाहुणे आले तर पडदा लावा.

---

पांडवलेणी_पायथा | २ मार्च, दुपारी २:१५

आणि आत डोकावू नका, मोबाईलचा टॉर्च तर मुळीच नाही. तुम्ही वारंवार गेलात की कावळा तुमच्यावर लक्ष ठेवून असतो. कावळा, भारद्वाज, खार, सरडा, मांजर हे नेहमीचे शत्रू. तारेच्या टोकाला कुंडी किंवा स्टूल असेल तर दूर करा, मांजराला पायरी मिळते. पश्चिमेकडची बाल्कनी असेल आणि दुपारी थेट ऊन घरट्यावर येत असेल तर दोन-तीन फुटांवर जुनं हिरवं शेडनेट बांधा, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून. हे काम ती अंडी घालण्याआधी, दहा मिनिटांत उरका.

---

सिडको_चौथा_मजला | ५ मार्च, संध्याकाळी ५:३३

शेडनेट लावलं, ती परत आली. आता नवीन प्रकार : काळा नर खिडकीच्या काचेवर सारख्या चोची मारतोय. सकाळपासून.

---

अंजनेरीचा_वारा | ५ मार्च, संध्याकाळी ६:२०

काचेतला नर त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. काच बाहेरून झाका, आतून पडदा लावल्याने प्रतिबिंब उलट ठळक होतं. जुनी चादर, वर्तमानपत्र, साबणाच्या पाण्याचा पातळ हात, काहीही चालेल, दोन-तीन आठवडे. गाडीच्या आरशाला कापडी पिशवी. चिडला की पंखांच्या मुळाशी पिवळ्या-नारिंगी पिसांचे झुबके काढून दाखवतो, मादीसमोर नाचतानाही तेच. एरवी ते दिसत नाहीत, तेव्हा काच झाकायच्या आधी एक फोटो काढून घ्या :)

---

सिडको_चौथा_मजला | ६ एप्रिल, सकाळी ६:४८

तातडीचं! रात्री वाऱ्याने घरटं तारेवरून अर्धं सुटलं. पिल्लं आत आहेत, एक खाली पडलंय, पिसं आलेली, जिवंत.

---

गोदाकाठ | ६ एप्रिल, सकाळी ६:५५

पडलेलं उचलून आत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकते हे खरं नाही. पाणी-दूध चोचीत घालू नका, श्वासनलिकेत जातं.

घरटं : नारळाची अर्धी करवंटी घ्या, तळाला चार बारीक भोकं पाडा. घरट्याचा खालचा भाग तिच्यात बसवा, सुती दोऱ्याने तारेला तीन ठिकाणी बांधा. भोकाचं तोंड आधी होतं त्याच दिशेला, उंची तीच. नायलॉनचा दोरा नको, चिकटपट्टी नको. मग आत जा, दार लावा, काचेतून बघा. तासाभरात मोठे भरवायला लागले तर झालं. दोन तास कोणीच आलं नाही तर १९२६.

---

सिडको_चौथा_मजला | ६ एप्रिल, सकाळी ८:१०

२५ मिनिटांत मादी आली, चोचीत कोळी. नर पाठोपाठ. 🙏

---

कुंडीतली_बाग | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:०५

आमच्या हॅमेलियावर आज मादीसारखा एक, पण गळ्यावर फिकी काळसर पट्टी. वेश उतरवलेला नर एप्रिलमध्ये कसा?

---

रानवाटा | १९ एप्रिल, संध्याकाळी ७:२२

खांद्यावर निळी चमक दिसते का? पंख काळे-निळे आहेत का? वेश उतरवलेल्या मोठ्या नराला दोन्ही असतं.

---

कुंडीतली_बाग | १९ एप्रिल, संध्याकाळी ७:४०

नाही. पंख तपकिरीच. चोचीच्या कोपऱ्यात पिवळट किनार आहे, आणि फुलाच्या बाजूला चोच मारतोय, आत जात नाही.

---

रानवाटा | १९ एप्रिल, संध्याकाळी ७:४४

मग यंदाचं पिल्लू, नर. मध कुठून काढायचा ते अजून शिकतोय.